नव्वद मीटरचं आख्यान

बुआलायला खरं तर भात शिजवायचं विजेचं भांडं हवं होतं.

थायलंडमधल्या रोई एटच्या जत्रेत दरवर्षी ताऱ्यांचं झाड उभं करतात. फांद्यांना रंगीत कागदाचे तारे टांगलेले असतात. वीस बाहत पेटीत टाकायचे, एक तारा खुडायचा आणि आतल्या आकड्याला जे बक्षीस असेल ते हसत घरी न्यायचं. पैसे आजाऱ्यांच्या मदतीला जातात, त्यामुळे हातात काय पडलं याची कुरकुर करायची नसते. बुआलायच्या थोरल्या बहिणीला, थोंगमुआनला, ओळीने सात वर्षं मासळीच्या सॉसची बाटलीच निघाली होती आणि सातही वर्षं तिने हात जोडून ती घेतली होती. यंदा आठवी बाटली निघाली. बुआलायच्या ताऱ्याला मात्र एक पांढरं खोकं आलं. आत चार पात्यांचं काहीतरी होतं, कोळ्यासारखे पाय पसरून बसलेलं.

"टेबलावरचा पंखा असेल," थोंगमुआन म्हणाली. "चार पाती म्हणजे वारा चांगला लागेल."

"पंख्याला कॅमेरा कशाला गं ताई?"

"हल्ली कशालाही असतो."

तो ड्रोन होता. गावात बातमी पसरायच्या आत थोंगमुआनचा नवरा दारात हजर. खामसिंग गावाचे प्रमुख. सोमवार होता, म्हणजे अंगात खाकी गणवेश, छातीवर बिल्ले. त्यांनी खोक्याला हात लावला नाही. दोन पावलं लांब उभे राहून, साप निघाल्यावर बघतात तसं बघितलं.

"मेहुणीबाई, हे उडवायचं नाही."

"मी अजून बाहेरही काढलं नाही, दाजी."

"कॅमेरा आहे ना? मग वजन कितीही असो, नोंदणी लागते. एक नोंदणी हवेच्या खात्याकडे, एक रेडिओलहरींच्या खात्याकडे. दहा लाखांचा विमा. आणि परीक्षा."

"परीक्षा कोणाची, त्याची का माझी?"

"तुमची. तो शहाणाच आहे."

बुआलाय सत्तावन्न वर्षांची. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, लेक बँकॉकला. शेवटची परीक्षा चौथीत दिली होती. तिने खोकं उचललं, देव्हाऱ्याखालच्या फडताळात ठेवलं आणि विषय मिटवला. तीन महिने तो ड्रोन तिथे उदबत्तीचा वास घेत पडून राहिला.

तो बाहेर निघाला तो लुआंगतांच्या एका वाक्यामुळे.

लुआंगता म्हणजे आजोबा. गावच्या मठातल्या शहाऐंशी वर्षांच्या भिक्खूंना सगळं गाव याच नावाने हाक मारी. मूळ नाव काय, ते मठाच्या वहीत बघावं लागलं असतं. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी गावात दानी राजाच्या कथेचा उत्सव होतो. राजाने हत्ती दिला, घोडे दिले, रथ दिला, आणि शेवटी वनवासात पोटची दोन मुलंही मागणाऱ्याच्या हाती दिली. तेरा अध्याय, पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत, एकेक भिक्खू व्यासपीठावर बसून गाऊन सांगतो. त्यातला राणीचा अध्याय एक्केचाळीस वर्षं लुआंगतांचा. राणी रानातून कंदमुळं घेऊन येते. वाटेत वाघ आडवे बसलेले, त्यामुळे उशीर झालेला, सूर्य बुडालेला. झोपडीपाशी येऊन ती हाका मारते आणि मुलं ओ देत नाहीत. लुआंगता ती हाक लावायचे तेव्हा पानसुपारी चघळणाऱ्या म्हाताऱ्यांचे जबडे थांबायचे. बुआलायने ती हाक नऊ वर्षांची असताना वेगळ्या गळ्यातून ऐकली होती, पण तिच्या मनात ती लुआंगतांच्याच आवाजात कायमची बसली. धान पाखडताना, कपडे पिळताना, कोंबड्या कोंडताना ती तोच सूर गुणगुणायची.

पावसाळ्यात लुआंगता ओल्या पायरीवरून घसरले. खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून मठाच्या आवारातल्या त्यांच्या खोलीत, खिडकीशी, खाटेवर. आवाज शाबूत, जीभ त्याहून शाबूत, पण उठणं संपलं.

त्या दिवशी सकाळी बुआलाय चिकट भात आणि भाजलेला मासा घेऊन गेली. ताट जमिनीवरच्या चटईवर ठेवून ती मागे सरून बसली. उत्सवाला चोवीस दिवस उरले होते.

"यंदा कापड शेवटचं निघणार म्हणे," लुआंगता म्हणाले.

"हो, लुआंगता. समितीने ठरवलंय. पुढच्या वर्षी शहरातून छापलेलं येणार. जुनं काचेच्या कपाटात ठेवतील."

कथेच्या आदल्या दिवशी राजाला वनातून गावात आणतात. गावाबाहेरच्या आमराईतून मठापर्यंत मिरवणूक. बेचाळीस मीटर लांबीचं चित्रांचं कापड सगळं गाव मिळून हातांवर धरून आणतं. तेराही अध्याय त्यावर रंगवलेले. प्रत्येक घराची जागा ठरलेली. बुआलायच्या घराकडे राणीची झोपडी, थोंगमुआनच्या सासरकडे दुसऱ्या अध्यायातले घोडे. आजोबाने धरली तीच वीत नातू धरतो.

ते कापड लुआंगतांनीच रंगवलेलं. पंचेचाळीस वर्षांपूर्वी, मठाच्या फरशीवर, दोन-दोन मीटर उलगडत आणि मागचं गुंडाळत. पुरी लांबी पसरायला जागाच नव्हती. आणि मिरवणुकीच्या दिवशी राजाचं स्वागत करायला एक भिक्खू आत व्यासपीठावर बसलेला लागतो. तो मान दरवर्षी लुआंगतांचा.

"एवढं लांब लेकरू मी जन्माला घातलं," ते मासा निवडत म्हणाले, "पण ते उभं राहिलेलं कधी पाहिलं नाही. पाळण्यात गुंडाळलेलंच पाहिलं." मग स्वतःशीच हसले. "भिक्खूने असली हाव धरू नये. तू विसरून जा."

बुआलाय विसरली नाही. घरी येऊन तिने फडताळ उघडलं.

परीक्षा मोबाइलवर होती. आधी धडे बघायचे, मग चाळीस प्रश्न, त्यातले तीस बरोबर यायला हवेत. बुआलायने धडे दोनदा पाहिले. बोलणारा माणूस सुटाबुटातला होता आणि एकेक कलम असं वाचत होता की तिला डुलकी लागत होती. तरीही तिने पाय धुऊन, उदबत्ती लावून परीक्षेला सुरुवात केली.

बावीस आले.

कुठे चुकलं ते दाजींनी तिच्या मोबाइलवर चष्मा सरसावून पाहिलं. "मेहुणीबाई, दुसऱ्याच्या जमिनीवरून उड्डाण करायचं असेल तर काय करावं, याला तुम्ही काय लिहिलंत? 'मालक ओळखीचा असल्यास विचारण्याची गरज नाही.'"

"ओळखीच्याला काय विचारायचं? त्याला वाईट वाटेल."

"आणि जास्तीत जास्त उंची? 'गरजेप्रमाणे.'"

"मग? गरज नसताना कोण वर जाईल?"

"सूर्यास्तानंतर उड्डाण? 'काम उरलं असल्यास चालेल.'" दाजींनी चष्मा काढला. "तुम्ही फार चांगल्या बाई आहात. म्हणूनच नापास झालात."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गावाच्या भोंग्यावरून नेहमीप्रमाणे सूचना झाल्या. पाण्याची टाकी धुणार आहेत, कुत्र्यांना लस टोचून घ्यावी, आणि मग दाजींचा तोच सरकारी आवाज: "श्रीमती बुआलाय यांना ड्रोनच्या परीक्षेत बावीस गुण मिळाले आहेत. तीस लागतात. ग्रामस्थांनी त्यांना प्रोत्साहन द्यावे."

ग्रामस्थांनी दिलं. दिवसभर माणसं येत राहिली. कुणी उकडलेली अंडी आणली, कुणी केळ्यांचा घड. पपईचं सॅलड विकणारी बाई लाकडी मुसळ हातात घेऊनच आली आणि म्हणाली, "बावीस काही वाईट नाही, मावशी. माझ्या नवऱ्याला गाडीच्या परवान्याला अकरा होते. आणि तो अजून चालवतोय." थोंगमुआन मासळीच्या सॉसची बाटली घेऊन आली. घरात आठ होत्या.

बुआलायला रडूही येईना आणि हसूही. सगळे गेल्यावर ती परसात कोंबड्या कोंडायला गेली. एक पिल्लू कुंपणाकडे पळत होतं. तिच्या तोंडून सवयीने राणीच्या हाकेचा सूर निघाला, आणि त्या सुरावर शब्द मात्र भलतेच आले:

"नजरेआड होऊ नको रे बाळा, माझ्या नजरेआड होऊ नको..."

ती थांबली. पिल्लूही थांबलं.

नजरेआड होऊ नये. हे तर कलम होतं. ड्रोन उडवणाऱ्याला सतत दिसला पाहिजे, सुटातल्या माणसाने तिसऱ्या धड्यात सांगितलं होतं. आणि सूर्य मावळायच्या आत घरी ये, हेही कलमच. राणीला हेच तर कळलं होतं, उशिरा. मुलं नजरेआड झाली, दिवस बुडाला आणि मग नुसत्या हाका उरल्या. बुआलाय कोंबड्यांच्या खुराड्याशी उकिडवी बसली. इतके दिवस ती समजत होती की ते नियम म्हणजे कुण्या साहेबाने घातलेल्या आडकाठ्या. हे तर आई लेकराला बाहेर सोडताना सांगते ते सगळं होतं. फार वर चढू नको. लोकांच्या अंगावर जाऊ नको. दुसऱ्याच्या अंगणात न विचारता शिरू नको. अंधार पडायच्या आत ये.

त्या संध्याकाळी ती धडे पुन्हा घेऊन बसली, पण या वेळी वाचले नाहीत, गायले.

"नव्वद मीटर वरती बाळा, ढगांच्या दारी जाऊ नको,
ढगांमध्ये, गर्दीमध्ये हाक माझी पोचणार नाही.
माणसांपासून तीस मीटर, अंगावर कुणाच्या धावू नको,
विमानांचं अंगण मोठं, नऊ किलोमीटर पाऊल नको..."

जिथे आकडा यायचा तिथे ती सूर लांबवायची, लुआंगता मुलांच्या नावांवर लांबवायचे तसा. आठ दिवसांत शेजारच्या बायकाही भाजी चिरताना ते म्हणू लागल्या. पपईवालीचं मुसळ त्याच ठेक्यावर पडू लागलं. एका म्हातारीला 'नऊ किलोमीटर'ला दोनदा हुंदका आला.

दुसऱ्या परीक्षेत सदतीस आले. भोंग्यावर दाजींनी आकडा तीनदा सांगितला. विम्याचे कागद झाले, दोन्ही खात्यांकडून नोंदणी झाली, आणि नंबराची चिकटपट्टी बुआलायने ड्रोनच्या पोटावर लावली, बाळाच्या कमरेला करदोटा बांधावा तशी. मोकळ्या शेतात ती रोज सकाळी सराव करायची. ड्रोन वर जायचा, खाली यायचा, आणि ती खाली उभी राहून गात असायची. गाणं थांबलं की तिचे अंगठे गोंधळायचे.

मग शेवटची अडचण आली आणि ती दाजींनीच आणली.

"मिरवणुकीवरून उडवायचं नाही."

"म्हणजे?"

"गर्दीच्या डोक्यावरून नाही. तुमच्याच गाण्यात आहे. तीस मीटर. रस्त्याच्या बाजूला, शेतावरून उडवा. गावात शिरायच्या आत उतरवा."

"दाजी, मला ते कापड वरून पाहिजे. एका नजरेत, अख्खं. लुआंगतांना बाजूने काय दिसणार? बाजूने तर आपण जन्मभर बघतोय."

"परवाना आहे तुमच्याकडे."

"म्हणूनच म्हणते ना."

"परवाना नसता तर तुम्ही उडवलाच नसता आणि मी निवांत झोपलो असतो. आता परवाना आहे, म्हणजे नियम पाळायलाही तुम्हालाच हवेत." दाजी उठले. "एखाद्या पोराच्या डोक्यात पडला तर लुआंगता ते चित्र बघतील का?"

हे खरं होतं. म्हणून बुआलाय जास्तच चिडली. दोन दिवस ती बहिणीच्या घरावरून जाताना मुद्दाम मान वळवून गेली. थोंगमुआन ओट्यावरून ओरडून म्हणाली, "माझ्याशी कशाला अबोला? मी तर कायदा वाचलेलाही नाही."

मिरवणुकीच्या सकाळी बुआलायने ड्रोन स्वच्छ पुसला, तबकात ठेवला आणि लुआंगतांकडे नेला. गावात नवीन गाडी आली, ट्रॅक्टर आला, अगदी शिवणयंत्र आलं तरी लुआंगतांच्या हातचा पांढऱ्या गंधाचा टिळा लागल्याशिवाय ते चालू करत नाहीत. बिनटिळ्याचं यंत्र म्हणजे बिननावाचं मूल. तिने तबक खाटेजवळच्या चौरंगावर ठेवलं आणि मागे सरली.

लुआंगतांनी ड्रोन सगळ्या बाजूंनी निरखला. "याला डोळे आहेत."

"हो, लुआंगता. समोर दोन."

"मग टिळा तिथेच. दूरवर बघायचंय ना त्याला." सुगंधी पाण्यात गंध कालवून त्यांनी थरथरत्या बोटाने एकेका डोळ्यावर तीन तीन ठिपके दिले, मंत्र म्हटला आणि दोन्हींवर सोन्याच्या वर्खाचा एकेक इवलासा तुकडा चिकटवला. "सुखाने जा, सुखाने ये," ते ड्रोनला म्हणाले. बुआलायच्या डोळ्यांत पाणी आलं. का आणलं आहे, हे त्यांनी विचारलंही नव्हतं, पण कळलं होतं.

दुपारी तीनला आमराईतून ढोल सुरू झाले. सगळं गाव फुलांचे गुच्छ, छत्र्या, लाह्यांच्या टोपल्या घेऊन जमलेलं. कापड उलगडू लागलं आणि ज्याच्या त्याच्या हातात ज्याची त्याची वीत आली. राणीच्या झोपडीपाशी यंदा बुआलायची भाची उभी होती. बुआलाय स्वतः कापणी झालेल्या शेतात, रिमोट हातात घेऊन.

शेतात पाऊल टाकल्यावर तिला बांबू दिसले. रस्त्याला समांतर, ओळीने रोवलेले, प्रत्येकाला लाल चिंधी. दाजी शेवटच्या बांबूपाशी फीत गुंडाळत होते. घामाने खाकी शर्ट पाठीला चिकटलेला.

"रस्त्यापासून बरोबर तीस," ते म्हणाले. "चिंधीच्या अलीकडे राहा. शेतमालकाला मी विचारलंय. त्याला वाईट वाटलं नाही."

बुआलायचा दोन दिवसांचा अबोला तिथेच गळून पडला, पण तसं कबूल करायला वेळ नव्हता. ढोल पुढे सरकले होते. तिने ड्रोन मातीवर मांडला, सूर धरला आणि अंगठा पुढे केला.

पाती फिरली नाहीत. मोबाइलवर लाल अक्षरं आली: समोरचे सेन्सर झाकले आहेत. उड्डाण करता येणार नाही.

तिने पुन्हा केलं. पुन्हा लाल अक्षरं. दाजी वाकून ड्रोनच्या तोंडाकडे बघू लागले. दोन डोळे, प्रत्येकावर तीन पांढरे ठिपके, वर सोनं.

दोघांनाही एकदमच कळलं.

"पुसून टाका," दाजी म्हणाले, पण त्यांच्या आवाजात प्रमुखपण नव्हतं.

"तुम्ही पुसा."

"मी कसा पुसू? लुआंगतांच्या हातचा टिळा."

"मग मी कशी पुसू?"

टिळा आपोआप झिजला, पावसाने गेला, तर गोष्ट वेगळी. गावात एका ट्रॅक्टरच्या काचेवर अकरा वर्षांपूर्वीचे ठिपके होते आणि मालक त्यांच्याभोवतीने मान तिरकी करून शेत नांगरायचा. पुसायचा कोणाच्या मनात विचारही आला नव्हता. आणि इकडे बेचाळीस मीटरचं कापड पुरं उलगडून रस्त्याला लागलं होतं. रस्ता संपला की गाव. गावात उडवायचं नाही.

"फेकायचा नाही," बुआलाय हळूच म्हणाली. "हलवायचा. आशीर्वाद इथून काढून दुसरीकडे ठेवला तर तो मोडला असं होत नाही. घर बदलताना देव हलवतोच ना आपण?"

"कुठे ठेवणार?"

तिने दाजींकडे पाहिलं. मग नजर वर गेली आणि लगेच खाली आली. असा विचारही पाप. थोरल्या बहिणीचा नवरा, गावचा प्रमुख, त्याच्या डोक्याला धाकट्या मेहुणीने हात लावायचा म्हणजे जग उलटंच व्हायचं.

दाजींनी ते पाहिलं. रस्त्याकडे बघितलं. मग त्यांनी टोपी काढली, बिल्ले सांभाळत मातीत गुडघे टेकले आणि तिच्यापुढे मान वाकवली. तुळतुळीत टक्कल उन्हात चमकत होतं.

"लावा," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "जागा भरपूर आहे."

मिरवणुकीत शिंपडायला कमरेला लावलेल्या बाटलीतलं फुलांचं सुगंधी पाणी तिने बोटावर घेतलं. आधी दाजींना हात जोडले, लुआंगतांच्या खोलीच्या दिशेला हात जोडले, मग एकेक ठिपका अलगद उचलून त्या टकलावर ठेवला. सहा ठिपके आणि सोन्याचे दोन तुकडे. दाजी हालले नाहीत.

"सुखाने जा, सुखाने ये," ती म्हणाली. कोणाला ते तिलाही नीट कळलं नाही.

पाती फिरली. ड्रोन उठला. दाजी टोपी न घालताच उभे राहिले.

बुआलायने त्याला सरळ वर नेलं. चाळीस, साठ, ऐंशी. चिंध्यांच्या अलीकडूनच, पण जितकं वर तितकं अख्खं दिसेल या आशेने. गाणं ओठांवर होतं. आणि मोबाइलच्या पडद्यावर जे दिसलं त्याने गाणं थांबलं.

छत्र्या. डोकी. त्यांच्यामधून गेलेली एक पिवळट रेघ, दोऱ्यासारखी.

कापड उभं धरलेलं होतं. वरून त्याची फक्त कड दिसत होती. राजा नाही, राणी नाही, हत्ती नाही. चोवीस दिवस तिने ज्या जागेसाठी हट्ट धरला, भांडण केलं, त्या जागेवरून दानी राजाची सगळी कथा म्हणजे एक शिवणीचा टाका.

"दाजी," ती म्हणाली, "वरून काही दिसतच नाही."

दाजींनी पडद्यात डोकावलं. त्यांना हसता आलं असतं. "मग खाली आणा," ते म्हणाले. "तुमच्या गाण्यात पुढे काय आहे?"

माणसांपासून तीस मीटर. बुआलायने सूर पुन्हा पकडला. अंगठे सैल झाले. ड्रोन खाली आला, आणखी खाली, शेताच्या अंगावर, नारळाच्या झाडाइतका. मग चिंध्यांच्या ओळीला धरून, रस्त्याकडे तोंड करून, मिरवणुकीच्या चालीने बाजूबाजूने चालू लागला. आणि पडद्यावर कथा उघडली.

पहिल्या अध्यायातली स्वर्गाची बाग. मग घोडे, रथ, पांढरा हत्ती. जंगल, आश्रम, काठी टेकत आलेला मागणारा म्हातारा. दोन मुलं तळ्यात कमळाच्या पानांखाली लपलेली. राणी. ती रिकामी झोपडी, आणि खाली भाचीचे दोन हात. तीस मीटरवरून सगळी लांबी मावत होती, आणि रंगही हरवत नव्हते. ड्रोन जवळ असता तर एकच वीत दिसली असती, वर असता तर दोरा. मायेने सांगितलेलं अंतर होतं ते, आणि ती त्याच्याशीच भांडत होती.

मिरवणूक गावाच्या कमानीशी आली तेव्हा सूर्य अजून हातभर वर होता. ड्रोन माघारी आला, तिच्या पायाशी उतरला.

लुआंगतांच्या खोलीत मावतील तेवढी माणसं आत शिरली, उरलेली खिडकीत. मोबाइल दाजींनी हातात धरला, कारण बाईने भिक्खूच्या हातात थेट काही द्यायचं नसतं. लुआंगतांनी आधी दाजींच्या टकलाकडे पाहिलं, बराच वेळ. मग बुआलायकडे.

"डोळ्यांवर लावायला नको होता मी," ते म्हणाले.

"तिथेही बरा दिसतोय, लुआंगता," थोंगमुआन मागून म्हणाली.

मग चित्र सुरू झालं. लुआंगतांचे ओठ हलत होते, प्रत्येक अध्यायाची पहिली ओळ ते मनात म्हणत होते. एकदा सगळं संपलं. त्यांनी बोटाने खूण केली, दाजींनी पुन्हा लावलं. दुसऱ्या अध्यायाशी लुआंगतांनी हात वर केला.

"थांबव."

दाजींनी थांबवलं.

"या पुढच्या घोड्याला पाच पाय आहेत."

लुआंगतांनी एक, दोन, तीन असं बोटाने मोजलं. "पाच. कालचं गुंडाळून आजचं उलगडलं की मागचं लक्षात राहत नसे. पंचेचाळीस वर्षं हा पाच पायांवर चालतोय आणि कोणी बोललं नाही?"

सगळ्यांच्या नजरा दाजींकडे गेल्या. घोडे त्यांच्या घराचे.

दाजी घसा खाकरून म्हणाले, "आम्हाला माहीत होतं, लुआंगता. माझ्या वडिलांनी दाखवलं होतं. ते म्हणाले, दानाचा घोडा आहे, एक पाय जास्तीचा दिला असेल. कुठे बोलायचं नाही."

लुआंगता हसले. आधी खांदे हालले, मग खाट. खिडकीतले हसले, पपईवाली मुसळासकट हसली, आणि दाजींच्या टकलावरचा एक सोन्याचा तुकडा घामाने घसरून नाकावर आला.

हसू ओसरल्यावर लुआंगतांनी डोळे पुसले. "उभं राहिलेलं बघितलं," ते म्हणाले. "चालताना बघितलं. पाच पायांवर का होईना." जरा थांबून त्यांनी बुआलायकडे मान वळवली. "आणि राणीच्या सुरावर काहीतरी म्हणतेस म्हणे तू, सरकारी. इथे भिंतीतून नुसतं नऊ किलोमीटर, नऊ किलोमीटर ऐकू येतं. म्हण बघू."

बुआलायने खांद्यावरच्या उपरण्याने तोंड झाकलं. मग चटईवर नीट बसून, हात जोडून, सुरुवात केली. दुसऱ्या ओळीलाच लुआंगतांनी तिला थांबवलं.

"नव्वदवर सूर चढवू नको. वर जायचं नाही ना? मग तिथे उतरव. तीसवर रेंगाळ. तिथेच सगळं दिसतं."

ती पुन्हा गाऊ लागली. नव्वदवर सूर उतरवला, तीसवर रेंगाळली, आणि शहाऐंशी वर्षांची बोटं खाटेच्या कडेवर ठेका धरत राहिली.